कट्टा जातो, पुडा येतो

आमच्या दुकानाला दोन दारं आहेत. पुढचं रस्त्यावर उघडतं, तिथून गिऱ्हाईक येतं. मागचं घरात उघडतं, आणि दिवाळीच्या आगंमागं त्या दारात सोयाबीनच्या कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, थप्पी लागलेली असते, इतकी की चहाचा कप घेऊन आडवं होऊन जावं लागतं. या दोन दारांच्या मध्ये, गल्ल्यावर, मी बसते. लग्न होऊन आले तेव्हा दुकान सासरे बघायचे. ते गेल्यावर रान ह्यांनी बघायचं आणि दुकान मी, अशी वाटणी आपोआप पडली. औसा तालुका, जिल्हा लातूर. सहा एकर रान, त्यातलं चार काळं आणि दोन बरड.

२०२४ च्या सप्टेंबरात, गणपती बसलेले असताना तेलाचा पुडा एका रात्रीत वाढला. सकाळी सातला लातूरहून होलसेलवाल्याचा फोन, ‘वहिनी, शिल्लक माल जुन्या भावात काढू नका.’ माझ्याकडं पामतेलाच्या अकरा पेट्या शिल्लक होत्या. खरं सांगते, तीन पेट्या जुन्या भावानं विकल्या, मग मोह आवरला नाही. ११२ चा पुडा १३५ ला गेला. गौरी नुकत्याच जेवून गेल्या होत्या म्हणून बायका फार बोलल्या नाहीत, नाहीतर माझी खैर नव्हती.

दुपारी भावकीतले तात्या आले. तंबाखूची पुडी घेतली, भावाची पाटी वाचली आणि हसले. त्या दिवशी दुकानात हसलेला तो एकच माणूस. म्हणाले, ‘सूनबाई, तेल एवढं वाढलंय म्हणल्यावर सोयाबीन बी वाढंल की.’

मला काही उत्तर सुचलं नाही. बरोबरच तर बोलत होते. तेल ज्याच्यातनं निघतं ते रानात उभं आहे, दाणा भरतोय. केंद्र सरकारनं १४ सप्टेंबरपासून बाहेरून येणाऱ्या तेलावरचं शुल्क वाढवलं होतं, कच्च्या तेलावर एकूण ५.५ टक्क्यांवरून २७.५, रिफाइंडवर १३.७५ वरून ३५.७५. बातम्यांत सांगत होते, शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. गिऱ्हाईकाला चार पैसे जास्त पडतील पण ते शेतकऱ्याच्या घरात जातील. आमच्या गावात गिऱ्हाईक आणि शेतकरी एकच. म्हणजे पुढच्या दारानं गेलेले तेवीस रुपये मागच्या दारानं परत येणार, असा तात्यांचा हिशोब.

दिवाळीनंतर हे माल घेऊन मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, गेले. संध्याकाळी खिशातून पट्टी काढून माझ्यापुढं ठेवली आणि न बोलता आंघोळीला गेले. ती पट्टी अजून माझ्या वहीत आहे. गुलाबी कागद, कार्बनचे निळे आकडे. भाव क्विंटलला ४१५०. खाली हमाली, तोलाई. कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘ओ. १४’, म्हणजे ओलावा १४ टक्के, आणि ‘डा. ३’, म्हणजे डागी दाणे तीन. हमीभाव त्या वर्षी ४८९२ होता. सरकारी खरेदीला ओलावा १२ च्या आत लागायचा. नोव्हेंबरात तो १५ पर्यंत चालेल असं निघालं, तोवर गावातला निम्मा माल मोंढ्यावर खाली झाला होता. काढणीवाल्यांच्या गुत्त्याचे, म्हणजे ठेक्याचे, पैसे, मळणी, दुकानाची उधारी, पोरीच्या हॉस्टेलचा हप्ता, कुणीच ओलावा उतरायची वाट बघत नाही.

मग तेवीस रुपये गेले कुठं? हा प्रश्न माझ्या डोक्यात किडा होऊन बसला. दुकानदाराला पैसा कुठं गेला हे कळल्याशिवाय झोप लागत नाही. पुढच्या खेपेला मी ह्यांच्याबरोबर मोंढ्यावर गेले. तिथले मुनीम वयस्कर, माझ्या माहेरगावचे, म्हणून दहा मिनिटं दिली. त्यांनी पट्टीच्या पाठीवर दोन आकडे लिहिले: १८ आणि ८०.

एक क्विंटल सोयाबीन मिलमध्ये घातलं की तेल निघतं १८ किलो. पेंड निघते ८० किलोच्या आसपास. बाकी साल आणि तूट. तेल किलोला वीस रुपयांनी वाढलं तर क्विंटलमागं ३६० रुपये वाढले. त्याच वेळी पेंड किलोला पाचच रुपयांनी उतरली तर ४०० गेले. झालं. वाढलेलं सगळं तेल पेंडीनं पिऊन टाकलं आणि वर चाळीस रुपये आमच्याकडंच निघाले.

‘बाई,’ मुनीम म्हणाले, ‘सोयाबीनला तेलबी म्हणतात, पण खरेदी करणारा पेंडीसाठी घेतो.’

हे ऐकून मला कसंतरीच झालं. वीस वर्षं आम्ही तेलबिया पिकवतो असं समजत होतो. पेंड जाते कोंबड्यांना, म्हणजे प्रत्यक्षात आम्ही कोंबड्यांचं खाद्य पिकवतो, आणि ते करताना थोडं तेल निघतं. आणि त्या वर्षी नेमकं पेंडीला कुणी विचारत नव्हतं. पेट्रोलमध्ये मिसळायला इथेनॉल लागतं, ते आता मक्यापासून आणि तांदळापासूनही काढतात. ते काढल्यावर जो चोथा उरतो त्याला डीडीजीएस म्हणतात. त्यात प्रथिनं भरपूर, आणि सोयापेंडीपेक्षा स्वस्त. कोंबडी खाद्यवाले तिकडं वळले. म्हणजे ह्यांची मोटारसायकल मक्यावर चालायला लागली आणि त्याचा फटका आमच्या सोयाबीनला बसला. बरं, बाहेर पेंड विकावी म्हटलं तर अर्जेंटिना आणि ब्राझील समोर. ब्राझीलमध्ये हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास सोयाबीन निघतं, आपल्याकडं टन निघालं तरी हात जोडायचे. सेराडो नावाचा तिथला माळ नांगरून त्यांनी एवढं सोयाबीन केलंय की आपल्या देशातलं सगळं सोयाबीन त्यांच्या एका कोपऱ्यात बसेल.

तात्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे कोंबडीनं काय खायचं ते ठरल्यावर आपण काय खायचं ते ठरणार.’ माझ्या दहा मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा हे बरं जमलं होतं.

आता पुड्याकडं येते. मी महिन्याला जेवढं तेल विकते त्यातले चारात तीन हिश्शे पाम. बाकी थोडं सोयाबीन रिफाइंड, थोडं सूर्यफूल, आणि मास्तरांच्या घरी शेंगदाणा. पुड्यावर सूर्यफुलाचं चित्र असलं म्हणजे सूर्यफूल, असं समजणारं गिऱ्हाईक अजून आहे. मी आता मागची बारीक अक्षरं वाचून दाखवते. फरसाण, बिस्किटं, टोस्ट, पोरांचे पाच रुपयांचे पुडे, सगळ्यांच्या पाठीवर तोच शब्द: पाम. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, वर्षाला दीडशे लाख टनांच्या वर. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. २०२३ साल जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा माझ्याकडंही ज्वारीची बिस्किटं विकायला आली होती. पाठीमागं वाचलं. ज्वारी होती, नाही असं नाही. मैद्याच्या आणि पामतेलाच्या नंतर.

पाम स्वस्त का, तेही हिशोबानंच कळतं. एक हेक्टर ताडपामाच्या बागेतून तीन-साडेतीन टन तेल सहज निघतं. आमच्या एक हेक्टर सोयाबीनमधून १८० किलो. तिथं भांडण्यात अर्थच नाही. फक्त ती बाग जिथं उभी आहे, इंडोनेशियातल्या सुमात्रात, कालिमंतानमध्ये, तिथं आधी जंगल होतं.

२०२२ चा एप्रिल मला चांगला आठवतो. युक्रेनची लढाई सुरू झाली होती, सूर्यफुलाचा पुडा मिळेना. आणि महिन्याच्या शेवटी इंडोनेशियानं पामतेलाची निर्यातच बंद केली. २८ एप्रिल ते २३ मे. लग्नसराई तोंडावर. आमच्या गल्लीतल्या एका वधूपित्यानं पंधरा किलोचे सहा डबे आगाऊ पैसे देऊन माझ्याकडं ठेवायला लावले, आणि ते मी दुकानात न ठेवता धान्याच्या खोलीत सोनं ठेवावं तसे ठेवले. त्याच दिवसांत टीव्हीवर इंडोनेशियातल्या बायका तेलासाठी रांगेत उभ्या असलेल्या बघितल्या. हातात रिकामी पिशवी, कडेवर पोर. जगात सगळ्यात जास्त पामतेल काढणारा देश, आणि तिथं तळायला तेल नाही. कारखानदाराला बाहेर भाव जास्त मिळत होता, आणि तिथं डिझेलमध्येही पामतेल घालतात. २०२५ पासून तर शंभरात चाळीस. मी आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, बोलावून ते दाखवलं. आत्या बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, ‘ह्या बी आपल्यासारख्याच की गं. पिकवत्यात आणि विकत आणत्यात.’

आमच्याकडं हे नेहमीचं असं नव्हतं. मी माहेरी लहान होते तेव्हा घरात करडीचं तेल असायचं. ज्वारीच्या रानात सात-आठ तासांमागं (ओळींमागं) करडीचा एक पाटा, म्हणजे पट्टा. कोवळी असताना तिची भाजी, वाळल्यावर घाण्यावर तेल, पेंड म्हशीला. तेव्हा, १९८६ साली, सरकारनं तेलबियांची मोहीम काढली होती आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश तेलात जवळपास स्वतःच्या पायावर उभा होता. मग १९९४ पासून पामतेलाची आयात खुली झाली, पुढं शुल्क उतरत गेलं. घाणे एकेक करून बसले. आमच्या गावच्या घाण्याच्या जागेवर आता मोबाईल रिचार्जचं दुकान आहे.

पण सगळं खापर दिल्लीवर फोडून मी मोकळी होणार नाही. करडी गेली याला करडीचे काटेही कारण आहेत. काढायला बाई मिळत नाही. हाताला फडकी गुंडाळून, पायात घोट्यापर्यंत पोतं बांधून काढावी लागते, आणि तरी संध्याकाळी सुईनं काटे काढत बसायचं. मी काढलेत, मला कौतुक सांगू नका. रब्बी ज्वारीचंही तेच. मालदांडी चवीला कितीही गोड असली तरी ती हातानं उपटायची, मग कणसं मोडायची, मग पेंढ्या बांधायच्या. तळहाताला फोड येतात. त्याच्यासमोर सोयाबीन. शंभर दिवसांत मोकळं. फवारलं की तण जातं. काढणी गुत्त्यानं, बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, लावली की मशीन येतं, दोन तासांत कट्टे भरून शिवून तयार. आणि त्याच रानात हरभरा. आमच्या घरावरचा स्लॅब सोयाबीनचा आहे. दुकानातला फ्रीज सोयाबीनचा. पोरगी लातूरला शिकते ती सोयाबीनवर. ज्वारीनं पोट भरलं, पण फी कधी भरली नाही. हे न सांगता जो ‘पारंपरिक पिकांकडं वळा’ म्हणतो त्यानं एकदा फेब्रुवारीत ज्वारी उपटायला यावं. जेवण माझ्याकडं.

तर सोयाबीननं पैसा दाखवला. आणि २०२१ मध्ये जरा जास्तच दाखवला. त्या ऑगस्टला लातूरच्या बाजारात दहा हजारांच्या वर भाव निघाला. घरात माल कुणाकडं होता? कुणाकडंच नाही. पेरणीआधीच सगळ्यांनी विकलेला. ज्या एका गड्यानं बियाण्यासाठी राखलेले नऊ कट्टे विकले, त्याची गोष्ट गावात अजून सांगतात. कोंबडीवाल्यांना पेंड परवडेना म्हणून सरकारनं १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. तीही जनुक बदललेल्या सोयाबीनची. ते सोयाबीन आमच्या रानात पेरायला मात्र बंदी आहे. आमची काढणी झाली तोवर भाव निम्म्यावर. त्याच डिसेंबरात सोयाबीनच्या वायद्यांवरही, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांवरही, बंदी आली.

त्या दहा हजारानं आमचं एक नुकसान केलं, ज्याची कुठं भरपाई नाही. आशा लावली. पुढच्या वर्षी ह्यांनी माल विकलाच नाही. ‘एकदा दहा झालेत, पुन्हा होतील.’ थप्पी दारात तशीच. शिमगा झाला, पाडवा झाला, उंदरांनी तीन कट्टे फोडले, मी त्या थप्पीवर पापड वाळत घातले. शेवटी मृगाच्या तोंडावर बी-खतासाठी विकला, दिवाळीत मिळत होता त्यापेक्षा कमी भावानं. आम्ही दोघं त्यावर एकदाच भांडलो, पण ते पुरेसं झालं.

तुरीचं वेगळंच. २०१५ मध्ये डाळ दोनशे रुपये किलोला गेली तेव्हा मी पावशेरानं डाळ विकलेली आहे. सरकार घाबरलं आणि २०१६ च्या जुलैत आफ्रिकेतल्या मोझांबिकशी तूर आणायचा करार केला. लोकांना वाटतं डाळ मोझांबिकचे लोकही खात असतील, त्यातली उरलेली आपल्याला देत असतील. तसं नाही. तिथल्या झांबेझिया, नांपुला भागातले एक-दोन एकरवाले तूर लावतात ती मुख्यतः आपल्यासाठी. त्यांच्या जेवणात ती फारशी नाही. त्यांची काढणी ऑगस्ट-सप्टेंबरात, आपली पौषात. त्यांचं जहाज आपल्या तुरीला फुलं यायच्या सुमारास बंदराला लागतं.

आणि झालं काय, २०१६ ला पाऊस चांगला झाला. सगळ्यांनी दोनशेचा भाव बघून तूर लावलेली. २०१७ च्या सुरुवातीला एवढी तूर आली की बोनससह ५०५० चा हमीभाव कागदावर राहिला आणि मोंढ्यात चार हजारांना मागेनात. हे खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर लावून चार रात्री झोपले. बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपलेला. मी डबा पाठवायची, एका रात्री मच्छर अगरबत्तीही पाठवली. मग ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं आमच्यासाठी म्हणून बाहेरच्या तुरीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. आम्हाला त्याचा उपयोग नव्हता, आमची तूर कधीच विकून झाली होती. मोझांबिकमध्ये मात्र नेमकी काढणी चालू होती. त्यांचा भाव मातीत गेला. आपल्याकडं भाव पडला तर निदान डाळ करून घरात खाता येते. त्यांनी काय करायचं?

मी कधीकधी त्या बाईचा विचार करते. नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही. दोन एकर तूर लावून बसलेली, आणि तिच्या तुरीचा भाव कधी पडणार हे इथल्या कागदावर ठरतंय. माझ्या सोयाबीनचा भाव दुसऱ्याच कुठंतरी ठरतोय. तिची डाळ मी विकलेली आहे, नक्की. पॉलिशची, बारीक दाण्याची.

आत्यांना बाहेरच्या धान्याची एक जुनी अढी आहे. बहात्तरच्या दुष्काळात त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. आईबरोबर खडी फोडायला जायच्या. कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी, मिलो. ‘भाकर थापली की फाटायची,’ आत्या सांगतात. ‘आन् तिचा वास. जनावरं बी तोंड लावायची न्हाईत.’ मी कुठंतरी वाचलं आहे की ती ज्वारी तिकडं जनावरांसाठीच पिकवतात. हे आत्यांना सांगितलेलं नाही. आमच्या जुन्या वाड्यात ज्वारीचं पेव होतं, जमिनीत खोल, वर दगडी झाकण. त्या सालापर्यंत ते भरलेलं असायचं असं म्हणतात. आता त्याच्यावर फरशी बसवली आहे आणि फरशीवर माझी तेलाच्या पेट्यांची रॅक आहे. मी हे मुद्दाम रचून सांगत नाही, खोलीला ओल नाही म्हणून तिथं ठेवल्या.

म्हणून कितीही सोयाबीन-हरभरा असो, आत्या एक एकर ज्वारी सोडत नाहीत. ह्यांनी दोनदा हिशोब मांडून दाखवला की ती ज्वारी विकत आणली तर स्वस्त पडेल. रेशनवर माणशी पाच किलो गहू-तांदूळ फुकट मिळतोय. आत्या ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘बरं. मग कुठल्या तुकड्यात पेरायची?’

२०२४ च्या रब्बीत त्या एकरात करडीचे पाटे मी धरायला लावले. दोन क्विंटल करडी झाली. काटे होतेच, पण पलीकडच्या गावात करडीला हार्वेस्टर चालतो हे बघून आले आहे, पाट्याला नाही चालत एवढंच. दीड क्विंटल लातूरच्या घाण्यावर नेली. हिशोब असा: दीड क्विंटल विकली असती तर ८२५० आले असते. घाण्याचे १५००. एकूण ९७५०. पेंड निघाली १०५ किलो, ती तीस रुपयांनं धरली तर ३१५० वजा. राहिले ६६००. तेल ३८ किलो. म्हणजे किलोला १७४ रुपये. स्वतःच्या रानातलं, स्वतः काटे काढलेलं तेल, आणि ते सुमात्राहून जहाजानं आलेल्या तेलापेक्षा महाग. मी आकडा दोनदा तपासला. मग पहिल्या दिवशी त्या तेलात पिठलं केलं. धाकटा म्हणाला, ‘आई, याला वास येतोय.’ त्याला तेलाचा वास माहीतच नव्हता.

२०२५ चं काय सांगू. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आमचं काळं रान तेरणेकडच्या उताराला. सोयाबीन पाण्यात उभं होतं, शेंगांना कोंब फुटले. हे गुडघाभर चिखलातून बांधावर जाऊन आले आणि चप्पल तिथंच राहिली. खालच्या अंगाला अर्ध्या एकराची माती वाहून नुसता मुरूम राहिलाय. त्याच आठवड्यात, २२ सप्टेंबरला, अर्जेंटिनानं डॉलर कमवायला म्हणून सोयाबीनवरचा २६ टक्के निर्यात कर काही दिवस काढून टाकला. सात अब्ज डॉलरची मर्यादा होती, ती तीन दिवसांत भरली. चीननं जहाजंच्या जहाजं भरून सोयाबीन घेतलं, आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी तेल घेतलं. म्हणजे आमचं पीक पाण्यात आणि त्यांचं बोटीत. पूर्वी दुष्काळ पडला, माल कमी झाला, की भाव तरी वाढायचा. आता तेही नाही. हमीभाव त्या वर्षी ५३२८ जाहीर होता. मोंढ्यात भिजका माल कुणी तीन हजारांना मागायचं, कुणी मागायचंच नाही.

पुण्याहून दीराचा फोन आला. त्यांचं म्हणणं, बरड दोन एकर सोलरला भाड्यानं द्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरसाल तीन टक्के वाढ. एकराला पन्नास हजार पडतात. बरडात सोयाबीन एकरी पाच क्विंटल झालं तर खर्च न काढता वीस-बावीस हजार. ह्यांनी पाटी पुसून दोनदा लिहिलं, उत्तर तेच. सबस्टेशन आमच्यापासून चार किलोमीटर. आत्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘काचा पेरायच्या का आता?’ मला मात्र त्या पन्नास हजारांत वाईट काही दिसत नाही. दिवसा वीज मिळाली तर रात्री पाणी द्यायला जायचं नाही, साप-विंचवाचं भ्यावं नाही. फक्त पंचवीस वर्षांचा कागद आहे, आणि धाकटा आता नऊ वर्षांचा. ठरलेलं नाही. फॉर्म फ्रीजवर ठेवलाय.

पाऊस थांबला तरी रानाला वापसा येईना. ज्वारीची पेरणी दसऱ्याच्या आगंमागं व्हायला पाहिजे, उशीर चालत नाही. मग कुठं काळ्यात पाऊल रुतायचं थांबलं. तीन एकर हरभरा ठरला. एक एकर आत्यांची ज्वारी, आणि त्यात करडी, या खेपेला सहा तासांमागं एक पाटा. बी परभणी कुसुम. राखलेलं अर्धं क्विंटल होतं ते सुपात घेऊन मी मागच्या दारात निवडत बसले होते.

पुढून तात्यांची हाक आली. त्यांचं तीन एकर सोयाबीन पुरात गेलं, बनीम लावायची वेळच आली नाही. पंचनामा झाला होता, पैसे यायचे होते. तंबाखूची पुडी घेतली. पाटीवरचा भाव वाचला. या खेपेला सोयाबीनचं काही विचारलं नाहीत. माझ्या हातातल्या सुपाकडं बघून म्हणाले, ‘करडी हाय का? दोन-तीन किलो दे. म्हातारी म्हणायली पाटा धरा.’

मी अडीच किलो मोजून दिली. जाता जाता ते परत फिरले, ‘आन् एक पुडा पण टाक पिशवीत.’ उधारीच्या वहीत तात्यांच्या पानावर एका खाली एक लिहिलं: करडी बी २.५ किलो. पामतेल १ पुडा.